मॉरिशस : वाटाघाटीतून उभे राहिलेले राष्ट्र

मादागास्करच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर हिंदी महासागरात वसलेले मॉरिशस क्षेत्रफळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या जेमतेम पावपट आहे आणि त्याची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. तरीही विकासाच्या अर्थशास्त्रात या चिमुकल्या देशाचे नाव वारंवार निघते, कारण त्याच्याविषयी जाणकारांनी वर्तवलेले भविष्य त्याने पूर्णपणे खोटे ठरवले. पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये या बेटाच्या आर्थिक भवितव्यावर अहवाल दिला, तेव्हा तेथील निर्यातीत साखरेचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता, हिवतापाचे उच्चाटन झाल्यामुळे लोकसंख्या वर्षाला तीन टक्क्यांच्या घरात वाढत होती आणि १९६० च्या ‘कॅरोल’ चक्रीवादळाने उभा ऊस आणि हजारो घरे भुईसपाट केली होती. खनिजे नाहीत, बाजारपेठा दूर, समाज वंश, धर्म आणि भाषा यांनी विभागलेला, अशा ठिकाणी शांततेने विकास होण्याची शक्यता मीड यांना फारच थोडी दिसली. स्वातंत्र्याच्या वेळी काही शे डॉलरच्या पातळीवर असलेले दरडोई वार्षिक उत्पन्न आज दहा हजार डॉलरच्या पुढे गेले आहे आणि सरकारे मतपेटीतूनच बदलत आली आहेत. मीड यांची आकडेमोड चुकलेली नव्हती; त्यांच्या हिशेबात न मावलेली गोष्ट होती ती त्या समाजातील गटांची आपसांत सौदा करण्याची तयारी. या सौद्यात कोणाला काय मिळाले आणि कोण बाहेर राहिले, यावरच मॉरिशसचे यश आणि अपयश दोन्ही जोखावे लागते.

या बेटाला मूळ रहिवासी नव्हते. डच दर्यावर्दी १५९८ मध्ये येथे उतरले, त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिस यांचे नाव दिले, डोडो पक्षी त्यांच्या काळात नामशेष झाला आणि १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ पासून फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर वसाहत उभारली. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच जमीनदारांची मालमत्ता, कायदे, धर्म आणि चालीरीती कायम ठेवल्या. सत्ता एका राष्ट्राची आणि समाजावरचा पगडा दुसऱ्याचा, ही विलक्षण रचना तेव्हापासूनची आहे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांनी उसाच्या मळ्यांकडे पाठ फिरवली आणि ते किनाऱ्यावर, डोंगरउतारांवर किंवा शहराच्या कडेला जमेल तसे वसले. त्यांच्या हाती जमीन जवळजवळ आली नाही.

त्यांच्या जागी आणले गेले करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर, ठरावीक मजुरीवर आणलेली आणि करार मोडल्यास शिक्षेस पात्र ठरणारी माणसे. गुलामगिरी संपण्याच्या तोंडावरच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या ऐंशीएक वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बंदरावरील स्थलांतरित आगारातून गेले. त्याचे उरलेले अवशेष ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. करार संपवून मोकळा झालेल्या मजुरालासुद्धा १८६७ च्या कायद्यानुसार स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना सतत अंगावर बाळगावा लागे, आणि तो जवळ नसल्यास भटका ठरवून अटक होई. तरीही या मजुरांच्या वाट्याला एक संधी आली, जी गुलामांच्या वंशजांना क्वचितच मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी आपल्या कडेच्या, हलक्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या आणि भारतीय कुटुंबांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. त्यातून ऊस पिकवून कारखान्याला घालणारा छोटा बागायतदार उभा राहिला, त्याची मुले शाळेत गेली, आणि पुढच्या राजकारणाचा कणा या वर्गातून आला.

राजकारणाचे दार १९४८ मध्ये उघडले. तोपर्यंत मताधिकार मालमत्ता आणि उत्पन्न यांवर अवलंबून असल्याने मतदार काही हजारच होते. नव्या राज्यघटनेने बेटावर बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढाला मत दिले. या एका तरतुदीने ‘बैठका’, म्हणजे खेड्यांतल्या एकत्र जमण्याच्या जागा, रात्रशाळा बनल्या. बासदेव बिसुनदयाल यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव जाऊन उसाच्या रानातून परतलेल्या स्त्री-पुरुषांना अक्षरओळख आणि सही शिकवत होते. पूर्वजांची भाषा टिकवण्याची धडपड आणि मताधिकाराची लढाई या दोन गोष्टी तेथे एकच होत्या, आणि मॉरिशसच्या संस्कृतीचा राजकारणाशी असलेला घट्ट संबंध समजून घ्यायचा तर येथूनच सुरुवात करावी लागते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या मजूर पक्षाला या नव्या मतदारांनी बळ दिले, १९५९ मध्ये सार्वत्रिक मताधिकार आला आणि नेतृत्व सर शिवसागर रामगुलाम यांच्याकडे गेले.

स्वातंत्र्य मात्र एकमताने आले नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या, गाएतां दुवाल यांच्या पक्षाला पडली, कारण हिंदू बहुसंख्याकांच्या राज्यात आपले काय होईल ही भीती क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या ख्रिस्ती समाजाला वाटत होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगली उसळल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, १२ मार्च रोजी देश स्वतंत्र झाला. रामगुलाम यांनी यानंतर घेतलेला निर्णय निर्णायक ठरला : १९६९ मध्ये त्यांनी दुवाल यांनाच सरकारात घेतले. साखर कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण करण्याऐवजी ते फ्रेंच वंशाच्या मोजक्या कुटुंबांकडेच ठेवले आणि निर्यातीवर कर बसवून त्यातला वाटा सरकारी तिजोरीत आणला. यात तत्त्वाचा त्याग आहे अशी टीका पॉल बेरांजे यांच्या तरुण, लढाऊ पक्षाने केली, संप झाले, १९७१ मध्ये आणीबाणी लागली आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबणीवर पडली. त्या काळाचे समर्थन करता येत नाही. तरीही १९८२ मध्ये त्याच बेरांजे यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठही जागा जिंकल्या, तेव्हा रामगुलाम निमूटपणे पायउतार झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. नवस्वतंत्र देशांच्या इतिहासात असे सत्तांतर किती दुर्मीळ होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

निवडणुकीची पद्धत या तडजोडीची कायदेशीर बाजू दाखवते. मुख्य बेटावर २० मतदारसंघ आहेत, प्रत्येकातून तीन आणि रॉड्रिग्स बेटातून दोन, असे ६२ सदस्य थेट निवडून येतात. त्यानंतर ‘बेस्ट लूजर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार आठपर्यंत जागा पराभूत उमेदवारांना दिल्या जातात : ज्या समाजाला लोकसंख्येच्या प्रमाणात कमी प्रतिनिधी मिळाले, त्यातील सर्वाधिक टक्के मते मिळवणारे उमेदवार सभागृहात घेतले जातात. स्वतंत्र मतदारसंघांच्या फुटीर मार्गाने न जाता अल्पसंख्याकांना सभागृहात स्थान देण्याची ही युक्ती आहे. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन वेळा एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या सर्व जागा जिंकल्या, तेव्हा पराभूत पक्षांना सभागृहाचे दार याच तरतुदीने उघडले.

आर्थिक उभारणीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. देश आधी श्रीमंत झाला आणि मग त्याने कल्याणकारी योजना आणल्या, असे घडले नाही. सर्व वृद्धांना निवृत्तिवेतन १९५८ पासूनच, म्हणजे दारिद्र्याच्या ऐन काळात, मिळू लागले. सरकारी दवाखाने मोफत होते. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत झाले. कुटुंबनियोजनाच्या प्रश्नावर सरकारने कॅथलिक चर्चशी भांडण न करता आधुनिक आणि चर्चला मान्य असलेल्या नैसर्गिक, अशा दोन्ही प्रकारच्या पद्धतींना मुभा दिली, आणि दर स्त्रीमागे सहाच्या आसपास असलेला जन्मदर दशकभरात तीनच्या घरात आला. या खर्चाला आधार होता साखरेचा : युरोपीय समुदायाशी १९७५ मध्ये झालेल्या लोमे करारानुसार मॉरिशसची सुमारे पाच लाख टन साखर दरवर्षी हमीभावाने घेतली जाऊ लागली, आणि तो भाव बहुतेक वर्षी जागतिक बाजारापेक्षा पुष्कळ चढा असे.

दुसरा आधार तयार कपड्यांचा होता. तैवानचा प्रयोग पाहून आलेले प्राध्यापक एदुआर लिम फात यांच्या पुढाकारातून १९७० मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. ‘क्षेत्र’ म्हणजे कुंपण घातलेली एखादी वसाहत नव्हे. बेटावर कोठेही असलेल्या निर्यातदार कारखान्याला परवाना मिळे आणि त्याबरोबर शुल्कमुक्त कच्चा माल व करसवलतीही मिळत. देशी बाजारासाठी माल करणाऱ्या जुन्या उद्योगांचे संरक्षण मात्र चढ्या आयात शुल्काच्या आड तसेच राहिले, त्यामुळे कोणाचेही पोट न मारता नवा उद्योग वाढला. साखरेचा नफा आणि हाँगकाँगचे भांडवल या कारखान्यांत आले आणि स्वतःच्या मेंढ्या नसलेला हा देश लोकरी स्वेटरचा मोठा निर्यातदार झाला. गावोगावच्या मुली, ज्यांच्या आयांनी उसाच्या रानात दगड वेचले होते, त्या पहाटे कारखान्याच्या गाडीत बसून शिलाई यंत्रावर रुजू होऊ लागल्या. त्यांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवलेले होते, आणि आठवड्याच्या ४५ तासांवर १० तासांपर्यंतचा जादा वेळ नाकारण्याची मुभा कायद्याने त्यांना नव्हती. १९८० च्या दशकातील ज्या भरभराटीला ‘मॉरिशसचा चमत्कार’ म्हटले जाते, ती या स्त्रियांच्या श्रमावर उभी होती, आणि त्याची पुरेशी नोंद कौतुकाच्या अहवालांत आढळत नाही. दशकाच्या सुरुवातीला वीस टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी त्याच्या अखेरीस जवळजवळ संपली. त्यानंतर मजूर कमी पडू लागले आणि कारखान्यांनी बांगलादेश, चीन, मादागास्कर आणि भारतातून कंत्राटी कामगार आणले. करारबद्ध मजुरांच्या वंशजांनी घडवलेल्या देशात पुन्हा परदेशी माणसे मुदतीच्या करारावर राबताना दिसतात, ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

कपड्यांचा आंतरराष्ट्रीय कोटा २००५ मध्ये संपला, युरोपने २००६ ते २००९ या काळात साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला, आणि देशाला पर्यटन, बँकिंग व माहिती तंत्रज्ञानाकडे वळावे लागले. साखर कारखान्यांनी बगॅस, म्हणजे उसाची चिपाडे, जाळून वीज विकण्यावर भर दिला. भारताशी झालेला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार या काळात फार कामी आला : मॉरिशसमार्गे भारतात गुंतवलेल्या भागभांडवलावरील नफ्याला भारतात कर लागत नसे आणि मॉरिशसमध्येही तो करमुक्तच असे, त्यामुळे हे बेट कागदोपत्री भारतातील सर्वांत मोठ्या परकीय गुंतवणूकदारांत गणले जाऊ लागले. भारताच्या तिजोरीला त्याची झळ बसली हे उघड आहे. २०१६ मध्ये करारात दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवर ही सवलत राहिली नाही. मोफत सोयींचा भारही आता जाणवतो आहे. वृद्धांचे प्रमाण झपाट्याने वाढत असल्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनाचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ करण्याचे जाहीर झाले आणि त्यावरून लोक रस्त्यावर उतरले.

संस्कृतीच्या बाबतीतही वाटणीचेच सूत्र दिसते. विधिमंडळाची भाषा इंग्रजी, वृत्तपत्रांची मुख्यतः फ्रेंच, घरातली आणि बाजारातली क्रिओल. शिवाय शाळेत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी यांपैकी एक पूर्वजांची भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते. मुंबई बंदरातून गेलेल्या कोकण आणि देशावरच्या मजुरांचे वंशज संख्येने थोडे आहेत, पण गणेश चतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते, कास्कावेलसारख्या गावांतून मूर्ती वाजतगाजत पाण्याकडे निघतात आणि कोकणातल्या जाखडीशी नाते सांगणारी झाकरी अजून नाचली जाते. घरातून मराठी बहुतेक गेली आहे. ती टिकली आहे ती शाळा, भजन आणि मंडळे यांच्या आधाराने.

या वाटणीत क्रिओल समाजाच्या हाती मात्र फार थोडे लागले. त्यांच्या पूर्वजांच्या आफ्रिकी भाषा गुलामगिरीनेच पुसून टाकल्या होत्या आणि जी भाषा त्यांनी घडवली, जी आज सगळे बेट बोलते, तिला बोली समजून शाळेबाहेर ठेवले गेले. प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून ती आली २०१२ मध्ये. निवडणूक कायदा हिंदू, मुस्लिम आणि चिनी हे तीन समाज ओळखतो, बाकी सारे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या चौथ्या गटात येतात, म्हणजे साखर कारखान्याचा गोरा मालक आणि गुलामांचा वंशज असलेला मच्छीमार कायद्याच्या लेखी एकच. त्यामुळे या मच्छीमाराच्या प्रतिनिधित्वाचा वेगळा हिशेब कधी मांडलाच जात नाही. शिवाय या हिशेबासाठी आजही १९७२ च्या जनगणनेचे आकडे वापरले जातात, कारण त्यानंतरच्या जनगणनांत समाज विचारला गेला नाही. स्वतःचा समाज जाहीर करण्याची उमेदवारांवरील सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये अयोग्य ठरवली, परंतु कायमस्वरूपी सुधारणा झालेली नाही. क्रिओल वस्त्यांतील साचलेला असंतोष १९९९ च्या फेब्रुवारीत उफाळून आला, तेव्हा काया या लोकप्रिय गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला होता आणि काही दिवस सारे बेट दंगलींनी ठप्प झाले.

त्यानंतर दहा वर्षांनी सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला. गुलामगिरी आणि करारबद्ध मजुरी या दोहोंचे परिणाम तपासून त्याने २०११ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला, आणि कागदपत्रे व मोजणीचा खर्च परवडत नसल्यामुळे ज्या कुटुंबांच्या जमिनी बड्या मालकांच्या ताब्यात गेल्या, त्यांचे दावे सोडवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याची शिफारस केली. जमिनीच्या मालकीला हात न लावणे ही स्वातंत्र्यकाळातल्या सौद्याची मूळ अट असल्यामुळे सर्वांत संथ गतीने अंमलात येत आहे ती हीच शिफारस.