घरचा आखाडा (भाग ४) : ओढायचं कशाला?

गेल्या तीन भागांत जोर, बैठका आणि पोटाचे व्यायाम झाले. तिन्हींना जमिनीखेरीज काही लागलं नाही. आज मात्र अडणार आहे, आणि घरी व्यायाम करणारे बहुतेक जण नेमके इथेच थांबतात.

अडचण गुरुत्वाकर्षणाची आहे. साधा जोर काढताना शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार हातांवर येतो. गुडघे टेकले तरी ४९ टक्के. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४५ किलोचं वजन फुकटात मिळतं. ओढण्याच्या बाबतीत जमीन काहीच देत नाही. एकतर वर लटकायला काही हवं, नाहीतर खाली वाकून उचलायला काही हवं. रिकाम्या खोलीत दोन्ही नसतं. म्हणून छाती आणि मांड्या तयार होतात. पाठ, दोन फऱ्यांमधले स्नायू, दंडाची बेटकुळी आणि हाताची पकड मागे राहते.

तालमीत ही उणीव नव्हती. तिथे जोर-बैठकांच्या जोडीला दोर चढणं होतं, फावड्याने हौद्यातली माती उकरणं होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने रुजवलेला मल्लखांब तर पकडीवरच उभा आहे. घराघरांतही विहिरीचं पाणी शेंदलं जाई. ते कष्ट परत यावेत असं मी म्हणणार नाही. बायकांच्या वाट्याला ते नको इतके आले. पण ते गेले तसं पाठीचं रोजचं काम गेलं, आणि व्यायाम म्हणून आपल्या लक्षात राहिल्या त्या जोर-बैठकाच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला, तो सगळ्या प्रमुख स्नायूगटांचा. त्यातून पाठ वगळता येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसचं भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतं. ते हलवताना लागते ती हीच ताकद.

आता साधन. घरात मुलांची जुनी सॅक असते. शिवण घट्ट आहे का आणि वरचा पट्टा धड आहे का, एवढं पाहा. तिच्यात पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे तराजू लागत नाही: दोन लिटरच्या चार बाटल्या म्हणजे आठ किलो. मधल्या फटींत जुने टॉवेल कोंबा, म्हणजे बाटल्या हलणार नाहीत. वाळूही चालते, पण पिशवी फुटली तर आवरायला संध्याकाळ जाते. मी पाणीच सुचवेन.

डावा हात पलंगाच्या काठावर टेका, कमरेतून वाका, पाठ सरळ ठेवा. उजव्या हाताने सॅक वरच्या पट्ट्याला धरून उचला. इथे एक गोष्ट सांभाळा: हाताने उचलायचं नाही, कोपर मागे कमरेकडे न्यायचं. कोपर बरोबर गेलं की फरा आपोआप मणक्याकडे सरकतो आणि पाठ काम करते. वर क्षणभर थांबा, मग तीन आकडे मोजत सॅक खाली न्या. ओढताना श्वास सोडा. कोंडून धरू नका. एका हाताने दहा-बारा वेळा, मग दुसऱ्या हाताने. असे तीन सेट. आणखी दोन-तीन वेळा जमलं असतं, असं वाटेल तिथे सेट संपवा.

महत्त्वाचं पुढेच आहे. स्नायूला रोज तेच वजन मिळालं की तो तेवढ्यावरच राहतो. तिन्ही सेटमध्ये पंधरा वेळा नीट जमू लागलं की एक बाटली वाढवा. सॅक भरली आणि वजन वाढवायला जागा उरली नाही, तर वर दोन सेकंद थांबा, खाली यायला पाच सेकंद घ्या. हलक्या वजनानेही, थकव्याच्या जवळ जाईपर्यंत केलं, तर स्नायू जड वजनाइतकाच वाढतो, असं अलीकडच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एका झटक्यात कमाल वजन उचलण्याची ताकद मात्र जड वजनानेच अधिक वाढते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं नसेल, तर या फरकाने तुमचं फारसं अडत नाही. काय केलं ते वहीत लिहा: तारीख, बाटल्या, किती वेळा. डंबेल विकत घेण्याआधी ही वही महिनाभर चालवून पाहा.

लटकण्याचं काय? दाराच्या चौकटीवर अडकवायचा बार घेण्याआधी चौकट तपासा. आपल्याकडे बऱ्याच घरांत चौकट भिंतीला सपाट असते, बार अडकायला वर कडाच नसते. दोन बाजूंना दाबून बसवायचा बार नुसत्या घर्षणावर टिकतो. गुळगुळीत दगडी चौकटीत तो घसरू शकतो. खिडकीच्या ग्रिलला किंवा बाल्कनीच्या कठड्याला तर लटकूच नका.

त्यापेक्षा शाळेच्या मैदानावरचा किंवा पालिकेच्या बागेतला सिंगल बार उत्तम, आणि फुकट. एकही पुलअप जमत नसेल तरी हरकत नाही. स्नायू उचलताना जेवढा भार पेलतो त्याहून जास्त उतरवताना पेलतो. भक्कम स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्या, पाय सोडा आणि सावकाश खाली या. असं तीन-चार वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. नंतरच्या एक-दोन दिवसांत दंड आणि पाठ चांगलीच आंबेल. ती आंबण उतरेपर्यंत पुन्हा करू नका.

रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका. वाकून उचलताना कंबर दुखली तर पलंगावर पालथं झोपा, छाती काठाशी आणा, सॅक खाली जमिनीवर ठेवा आणि तशीच ओढा. कंबरेवरचा ताण बराच कमी होतो.

या आठवड्यात दोन दिवस, मध्ये एखादा दिवस सोडून, एवढंच करा. पुढच्या भागात एका पायाच्या बैठका.