अंतर कधी संपते?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादकांचा आग्रह झाला तेव्हा एखाद्या नव्या औषधप्रणालीविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु गेली अनेक वर्षे एक वृद्ध चिंपांझी माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. त्याच्याविषयीच लिहितो.

टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठी गोंबेचे अरण्य आहे. तेथे जेन गुडॉल यांनी १९६० साली चिंपांझींचे निरीक्षण सुरू केले. १९६६ साली त्या कळपात पक्षाघाताची साथ आली. आसपासच्या मानवी वस्तीतही तेव्हा पोलिओचे रुग्ण होते. त्यामुळे हा पोलिओच असावा, असे निरीक्षकांनी मानले. केळ्यांत लस घालून ती चिंपांझींना देण्यात आली. तरीही काही दगावले, काही कायमचे पंगू झाले.

मॅकग्रेगर नावाच्या वृद्ध नराचे दोन्ही पाय लुळे पडले. हातांच्या जोरावर तो शरीर ओढत नेई. मलमूत्रावरचा ताबा गेल्याने अंगावर माश्या घोंगावत. त्याला पाहून सोबती आधी भ्याले, मग टाळू लागले. एकदा झाडावर काही नर परस्परांचे केस साफ करीत बसले होते. चिंपांझींच्या समाजात या स्पर्शाला आपल्या गप्पांच्या बैठकीचे मोल असते. मॅकग्रेगर मोठ्या कष्टाने तेथवर चढला आणि अभिवादनासाठी त्याने हात पुढे केला. ते सारे उठून दूर गेले. तो त्यांच्याकडे पाहत निश्चल बसून राहिला.

हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण त्या उठून गेलेल्यांत मीही होतो.

१९६७ साली, इंदूरच्या आमच्या वाड्यात, शेजारच्या बिऱ्हाडातील माझ्याच वयाच्या मुलाला पोलिओ झाला. "तिकडे फिरकायचं नाही," असे आईने बजावले. आईचे चुकले नव्हते. लागणीचा काळ होता. पण काही महिन्यांनी तो पायाला कॅलिपर लावून ओट्यावर बसू लागला, तेव्हा भीतीचे कारण उरले नव्हते. तरीही आमचा विटीदांडूचा डाव ओट्यापासून दूर, मागच्या अंगणात गेला तो तिकडेच राहिला. एकदा त्याने मला हाक मारली. ऐकू न आल्याचे दाखवून मी निघून गेलो. त्याची थोरली बहीण तेवढी त्याच्याजवळ सागरगोटे खेळत बसे.

मॅकग्रेगरलाही असा एक सोबती होता. हम्फ्री नावाचा तरुण नर, बहुधा त्याचा नातलग, त्याच्या आसपास थांबे. गोलायथ या बलदंड नराने मॅकग्रेगरवर हल्ला केला, तेव्हा हम्फ्री त्याच्या रक्षणासाठी धावून गेला. पुढे मॅकग्रेगरचा हातही निखळला आणि अखेर निरीक्षकांनी त्याला यातनांतून सोडविले.

हा निव्वळ निर्दयपणा म्हणावा का? गॅबॉनमधील मँड्रिल माकडांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आतड्यात संसर्गजन्य परजीवी असलेल्या माकडाचे अंग इतर माकडे कमी साफ करतात. संसर्ग त्यांना विष्ठेच्या वासावरून उमगतो. म्हणजे दूर सरणे ही स्वसंरक्षणाची उपजत रीत आहे. २०२० मध्ये त्याच संशोधकांना असेही आढळले, की आईकडून जवळचे नाते असलेली माकडे आजारातही एकमेकांना अंतर देत नाहीत.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१७ च्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष. औषध देऊन परजीवी नाहीसे केल्यावर त्या माकडांना पुन्हा अधिक स्पर्श मिळू लागला. धोका सरला तसे अंतरही सरले. गोंबेच्या त्याच साथीत फेबेन नावाच्या नराचा एक हात कायमचा निकामी झाला होता. पण तो कळपात टिकला आणि त्याच्याच पाठबळावर त्याचा भाऊ फिगन १९७३ मध्ये कळपाचा प्रमुख झाला.

आमच्या अंगणातले अंतर मात्र लागण संपल्यावरही उरले. माणसाला वासावरून निर्णय करता येत नाही. तो ऐकीव गोष्टींवर करतो, आणि एकदा केलेला निर्णय सहसा बदलत नाही. येथेच आपल्या व्यवसायाचे काम आहे. 'दूर राहा' हे आपण ठासून सांगतो. 'आता जवळ या' हे सांगायचे राहून जाते.

म्हणून क्षयाच्या रुग्णाची थुंकी निर्दोष आली, की मी घरच्यांना मुद्दाम बोलावून घेतो आणि रुग्णासमक्ष सांगतो, "आजपासून यांचं ताट सगळ्यांच्या पंगतीत मांडा." काही जण मान हलवतात. काहींना ते पुन्हा सांगावे लागते.

ओट्यावरचा तो मुलगा आता निवृत्त बँक अधिकारी आहे. समारंभात भेटला की आम्ही प्रकृतीविषयी बोलतो. त्या हाकेविषयी अजून बोललेलो नाही. हा लेख मी त्याला छापून येण्याआधी वाचून दाखवणार आहे.