देवीचा जडाव आणि आपला तराजू

ताईंनो, नवरात्राच्या आधी कोल्हापुरात अंबाबाईचे दागिने स्वच्छ करायला बाहेर काढतात. त्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. किरीट, कुंडलं, चिंचपेटी, साज, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ. किरीट सोडला तर नावं आपल्याच डब्यातली वाटतात ना? त्यातले काही दागिने नुसते सोन्याचे, काही जडावाचे, म्हणजे खडे-रत्नं बसवलेले.

साधा दागिना सोनार तापवून, डाक देऊन जोडतो. जडावाचं तसं नाही. आधी सोन्याच्या पातळ पत्र्याचा पोकळ घाट करतात. पत्रा दबू नये म्हणून आत लाख भरतात. खडा बसायच्या जागी लाख थोडी कोरायची, तिथे चकाकणारा पातळ वर्ख ठेवायचा, त्यावर खडा. वर्खामुळे खडा आतून उजळतो. मग शुद्ध सोन्याच्या तलम पट्ट्या खड्याभोवती हत्यारानं दाबत जायचं. हेच कुंदन. शुद्ध सोनं इतकं मऊ, की नुसत्या दाबानं खडा धरून ठेवतं. एकेक खडा असा! म्हणून तर असा दागिना गरम पाण्यात घालायचा नाही. लाख सुटते, पाणी मुरलं की वर्ख काळा पडतो.

आता हा दागिना तराजूत टाका. काटा सोनं, लाख, खडे सगळं एकत्र दाखवतो. देवीचा दागिना कुणी विकत नाही, पण आपल्याला अडीनडीला गहाण ठेवावा लागतो. आपल्या एका गटातल्या काकू म्हशीसाठी सासूबाईंचा जडावाचा हार घेऊन गेल्या. काट्यावर 32 ग्रॅम भरला, कर्जासाठी धरले 17. काकूंना वाटलं फसवलं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, खरं सांगते. पण सोन्यावरचं कर्ज निव्वळ सोन्यावरच मिळतं.

आणखी एक. 2021 पासून सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, पण कुंदन, पोलकी आणि जडाव त्यातून वगळलेत. म्हणजे इथे शिक्का नसला तरी दुकानदार नियमातच असतो. तेव्हा बिलावर निव्वळ सोनं किती, किती कॅरेटचं, खडे आणि लाख किती, हे वेगवेगळं लिहून मागा. ‘टेम्पल ज्वेलरी’ म्हणून बाजारात मिळतं त्यातलं बरंचसं तर नुसतं पॉलिश असतं.

घरात जुना जडाव असेल तर पुढच्या बैठकीला त्याची पावती घेऊन या. दागिना नको, पावतीच. आपण मिळून वाचू.