वास्तुविद्याकुशल आणि आमचे घर

वमन-विरेचनापूर्वी रुग्णासाठी घर सिद्ध करावे, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात सांगितले आहे व ते काम वास्तुविद्याकुशलाकडे सोपविले आहे. घर दृढ असावे, झोताच्या वाऱ्यापासून सुरक्षित तरी एका बाजूने हवेशीर असावे, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा उपद्रव तेथे नसावा, ही त्यांची अपेक्षा.

देवगाव फाटा येथे घर बांधताना आम्ही हेच वर्णन वास्तुविशारदांपुढे ठेवले. मातोश्रींना मात्र धाब्याचे घर हवे होते. मातीचे धाबे उन्हाळ्यात थंड राहते, हा आमचाही अनुभव. वास्तुविशारदांनी नम्रपणे नकार दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती व जड धाबी कोसळून हजारो जीव गेले, याचे त्यांनी स्मरण दिले. चरकांचे पहिले विशेषण 'दृढ' हेच आहे, हे आम्ही वाचूनही विसरलो होतो!

काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेला. भिंतींसाठी लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेली, विटा उभ्या लावून आत पोकळी राखण्याची पद्धत स्वीकारली. तीत विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात व कोंडलेली हवा उष्णता रोखते. कोपऱ्यांत सळया, भिंतींवरून काँक्रीटचे पट्टे, गच्चीला चुना, पश्चिमेस ओसरी. कडुनिंब जागच्या जागी राखला.

मातोश्रींची दुपार आता ओसरीवर जाते. चिकित्सालय वा औषधालय बांधू इच्छिणाऱ्या वैद्यबंधूंनी जुन्या घरांचा गारवा अवश्य घ्यावा. दृढतेचा प्रश्न मात्र प्रथम विचारावा.