इजा टाळता येते (लेखांक 6) : रुळांवरचा मृत्यू आणि बेफिकिरीचा शिक्का

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातून कामावर जाणाऱ्याच्या वाट्याला रोज दोनदा रेल्वे येते, आणि तिच्यासोबतचा धोकाही. तरी त्या धोक्याला आपण आरोग्याचा प्रश्न म्हणत नाही. डेंग्यूचे रुग्ण वाढले की आरोग्य कर्मचारी घरोघरी साठवलेले पाणी तपासतात. रुळांवर माणूस गेला की लोहमार्ग पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि विषय मिटतो. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2023 मध्ये 2,590 आणि 2024 मध्ये 2,468 माणसे दगावली. सर्वाधिक मृत्यू रूळ ओलांडताना झाले, त्याखालोखाल धावत्या गाडीतून पडून. दरवर्षी त्याच कारणांनी जवळपास तेवढीच माणसे जात असतील, तर प्रत्येक मृत्यूला सुटा अपघात समजणे ही आपलीच चूक आहे.

विल्यम हॅडन हे डॉक्टर 1966 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय रस्ते-सुरक्षा यंत्रणेचे पहिले प्रमुख झाले. चालकाला शहाणे करा, एवढ्यावरच तोवर सारा भर होता. हॅडन यांनी अपघाताच्या आधी, अपघाताच्या क्षणी आणि नंतर, अशा तिन्ही टप्प्यांवर माणूस, वाहन आणि परिसर यांत काय बदलता येईल, हे तपासायला शिकवले. ही फूटपट्टी 9 जून 2025 च्या मुंब्र्याच्या दुर्घटनेला लावून पाहा. कर्जतहून मुंबईकडे येणारी आणि कसाऱ्याकडे जाणारी अशा दोन लोकल वळणावर एकमेकींजवळून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी एकमेकांना घासले आणि खाली पडले. किमान चौघांचा जीव गेला. ‘दारात लटकू नका’ हे सांगून झालेले होते. उघडी दारे, वळण आणि डब्यातली गर्दी मात्र तशीच होती.

यावर नेहमीचा आक्षेप असतो की लोकच बेफिकीर आहेत, दंड वाढवा. बेफिकिरी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार रूळ ओलांडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तरीही 2012 मध्ये अनिल काकोडकर समितीला देशात दरवर्षी सुमारे 15,000 माणसे रूळ ओलांडताना मरतात, असे नोंदवावे लागले. त्यांतली सुमारे 6,000 एकट्या मुंबई उपनगरी मार्गावरची होती. शिवाय लांबून समोर येणाऱ्या मोठ्या वस्तूचा वेग डोळ्यांना असतो त्याहून कमी वाटतो. ही फसगत लक्षात घेऊन वडाळ्याजवळ काही स्लीपर पिवळे रंगवले गेले, म्हणजे गाडी किती झपाट्याने पट्टे ओलांडते ते दिसावे. घाबरलेल्या चेहऱ्याचे फलक लागले, भोंग्याची पद्धत बदलली. मृत्यू बरेच घटल्याचे प्रयोग करणाऱ्यांनी सांगितले. एका जागेवरचा हा छोटा प्रयोग आहे, त्यावरून सगळ्या मार्गांविषयी खात्री देता येणार नाही. मात्र उपदेशाखेरीजही उपाय असतात, एवढे त्यातून नक्की कळते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: दारे बंद केली तर माणसे गुदमरतील, आणि आज लटकून जाणारे फलाटावरच राहतील. हे खरे आहे. म्हणूनच मुंब्र्यानंतर रेल्वेने बिगर-वातानुकूलित गाड्यांसाठी स्वयंचलित दारांबरोबर झरोके आणि छतावरून हवा खेळवण्याची रचना मांडली. पण दार हा उपायाचा अर्धाच भाग झाला. 2001 मध्ये लाखाच्या आत असलेले बदलापूर 2011 च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाखांवर गेले आणि त्यानंतरही वाढतच राहिले. रूळ मात्र तेवढेच होते. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ही माझ्या मते या पट्ट्यातली सर्वांत मोठी आरोग्य योजना आहे, जरी तिच्या फायलीवर आरोग्य खात्याचा शिक्का नसला तरी.

तोवर एक काम कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेला फारशा खर्चाविना करता येईल. लोहमार्ग पोलिसांकडून दरमहा मृत्यू आणि जखमींची ठिकाण, वेळ आणि कारणानुसार माहिती घ्यावी आणि ती नकाशावर मांडून जाहीर करावी. पादचारी पूल, कुंपण आणि रुग्णवाहिका यांची जागा त्या नकाशावरून ठरावी. हेंद्रेपाड्यातल्या वाचकांनी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे या नकाशाची मागणी लेखी करावी.