गावच्या शाळेचा खर्च कोणी करायचा? स्कॉटलंडच्या खेड्यापासून फुल्यांच्या मागणीपर्यंत

धायरी : ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह ११ गावे पुणे महापालिकेत आली आणि तिथला ग्रामपंचायतीचा कारभार संपला. कारभारी बदलला की रस्ता, पाणी, शाळा यांचा खर्च कोणाचा, हा प्रश्न येतोच. शाळेपुरता हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या खेड्यांत गाजला होता. त्याचा एक धागा थेट पुण्यात, महात्मा जोतीराव फुले यांच्यापर्यंत येतो.

तिथल्या गावात काय असायचे?

चर्च, पाळकाचे घर म्हणजे ‘मॅन्स’ आणि शाळा. या तिन्हींचा भार कायद्याने गावच्या जमीनदारांवर होता. शाळेबाबतचा मुख्य कायदा १६९६ चा. पाळकाला शेतजमीन मिळे, शिवाय एक घोडा आणि दोन गायींपुरते कुरण. आपल्याकडच्या इनाम जमिनीसारखीच सोय. मास्तरांचे नशीब एवढे थोर नव्हते. १८०३ च्या कायद्याने त्यांना घर मिळाले, पण स्वयंपाकघर धरून दोनच खोल्यांचे! त्यावरही जमीनदारांनी कुरकुर केलीच. मुलांना फी असे. गरिबांची फी अनेकदा चर्चच्या निधीतून भरली जाई.

१८४३ मध्ये काय बिघडले?

पाळक नेमायचा हक्क जमीनदाराचा की गावच्या भाविकांचा, हा वाद विकोपाला गेला. १८ मे १८४३ रोजी एडिनबर्गमध्ये चर्च फुटले. साडेचारशेहून अधिक पाळक बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. तत्त्व राखले, पण चर्च, घर, पगार सगळे गेले. त्यांच्यासोबत गेलेल्या अनेक शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या.

भारतातले स्कॉटिश मिशनरी नव्या चर्चकडे गेले. कोलकात्यात अलेक्झांडर डफ यांना स्वतः उभारलेल्या संस्थेच्या इमारतीवर पाणी सोडावे लागले. पुण्याचे जेम्स मिचेल हेही फ्री चर्चचे झाले. याच काळात, १८४१ ते १८४७, फुले पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते.

तेही सहज घडलेले नाही. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेतून काढून शेतीच्या कामाला लावले होते. गफ्फार बेग मुन्शी आणि लेजिट साहेब यांनी समजूत घातली, तेव्हा शिक्षण पुन्हा सुरू झाले. स्कॉटलंडच्या खेड्यात शाळेला निदान कायद्याचा आधार होता. इथे सगळे परिचितांच्या शब्दावर अवलंबून.

मग शाळा कोणाची झाली?

१८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील गावशाळा निवडून आलेल्या स्कूल बोर्डांकडे गेल्या. खर्चासाठी स्थानिक कर आला आणि ५ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचे झाले. दहा वर्षांनी, १८८२ मध्ये फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. किमान १२ वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती.

ती मान्य झाली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयकही १९१२ मध्ये फेटाळले गेले. ६ ते १४ वयोगटासाठी शिक्षण हक्क कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, आणि ती पुरवण्याची जबाबदारी सरकार व स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. धायरीसाठी ती संस्था आता पुणे महापालिका आहे.