नदीकाठचा खडीचा खड्डा : परवानगीपूर्वी गावाने काय पाहावे?

पावसाळा ओसरतो, नदीचे पाणी उतरते आणि पात्रातील वाळू-खडीचे पट्टे उघडे पडतात. त्याच सुमारास नदीकाठच्या गावी वार्ता येते की, अमुक डोहाच्या खाली खडीचा घाट निघणार आहे. चावडीवर चर्चा सुरू होते. ट्रॅक्टर बाळगणाऱ्या तरुणास त्यात काम दिसते. ग्रामपंचायतीस उत्पन्नाची आशा वाटते. घर बांधावयास काढलेल्यास स्वस्त खडी हवी असते. मळईत ऊस किंवा भाजीपाला करणारा बागाईतदार मात्र आपल्या विहिरीकडे पाहून अस्वस्थ होतो, आणि उन्हाळ्यात नदीच्या झिऱ्यावरून पाणी आणणाऱ्या स्त्रिया विचारतात, "झिरा राहील काय?"

ही शंका अडाणीपणाची नाही. तिच्यामागे शास्त्र आहे व कायदाही आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावे. घरे, रस्ते व बंधारे यांस खडी लागतेच, तेव्हा 'खडी नकोच' असे म्हणून भागत नाही. ती कोठून, किती आणि किती खोल काढावी, हाच खरा प्रश्न होय.

खडीचा थर ही पाण्याची कोठी

महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. कठीण पाषाणात पाणी केवळ भेगांत व झिजलेल्या थरात साठते. तापी-पूर्णेच्या खोऱ्यासारखा खोल गाळाचा प्रदेश सोडला, तर नदीकाठचा वाळू-खडीचा पातळ थर हीच अनेक गावांची भरवशाची कोठी असते. पूर आला की ती भरते आणि प्रवाह आटल्यावर आजूबाजूच्या विहिरींस हळूहळू पाझर देते.

या कोठीचे माप काढणे अवघड नाही. भरड वाळू-खडीच्या थरातून सहज निघू शकणारे पाणी त्याच्या घनफळाच्या साधारण पाचवा हिस्सा धरता येते. १ हेक्टर क्षेत्रावरील १ मीटर जाडीचा थर म्हणजे १०,००० घनमीटर. ब्रासच्या हिशेबाने ही खडी सुमारे ३,५३० ब्रास भरते. या थरात २,००० घनमीटर, म्हणजे २० लाख लिटर पाणी राहते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दर माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले. त्या मानाने १,००० वस्तीच्या गावास हे पाणी ३६ दिवस पुरते. एका मीटरच्या थराची किंमत अशी असते. ठेकेदार ब्रासचा हिशेब करतो. गावाने त्याच्या शेजारी लिटरचा हिशेब मांडावा.

यावर काही जण म्हणतात की, खडी काढली तर खड्ड्यात पाणीच साठेल, मग नुकसान कसले? खड्ड्यात पाणी साठते हे खरे. परंतु खडीच्या आड असलेले पाणी उन्हापासून सुरक्षित असते, तर उघडे पाणी वाफ होऊन जाते. शिवाय पुराबरोबर येणारा बारीक गाळ खड्ड्याच्या तळाशी बसतो. तो चिकट थर जाड झाला की विहिरींकडे जाणारा पाझर मंदावतो. खड्डा भरलेला दिसतो आणि शेजारची विहीर मात्र रिकामी होते.

खड्डा जागेवर राहत नाही

पात्रात खोल खड्डा पडला की त्याच्या वरच्या कडेवरून पाणी उंचावरून पडू लागते व ती कड उकरते. प्रत्येक पुरात ही उकर प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे वरच्या गावाकडे सरकते. तिच्या वाटेत कोल्हापुरी बंधारा, पूल किंवा पाणीपुरवठ्याची विहीर असली, तर तिचा पाया उघडा पडतो. खालच्या बाजूस वेगळेच घडते. वाहून येणारी खडी खड्ड्यातच अडकल्याने पुढे जाणाऱ्या पाण्याजवळ ओझे राहत नाही. ते पाणी खालच्या काठांची माती खाते. त्यामुळे एका गावच्या घाटाचा जाच दुसऱ्या गावास होऊ शकतो.

पात्राचा तळ खाली गेला की काठच्या भूजलाची पातळीही त्यामागोमाग उतरते. मग विहीर खोल करणे, बोअर घेणे, मोटार बदलणे हा खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो.

काढलेली खडी पुन्हा भरून येते काय, हेही पाहणे अगत्याचे आहे. दरवर्षीच्या पुराने जेवढी नवी खडी येते, तेवढीच काढली तर नदी ती सोसते. पण वरच्या अंगास मोठे धरण असेल, तर भरड वाळू व खडी धरणातच अडते. अशा नदीतील साठा हजारो वर्षांच्या बचतीसारखा असतो. तो एकदा खर्चला की आपल्या हयातीत परत येत नाही.

नियम काय सांगतात?

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील वाळू, खडी व गोट्यांच्या खाणींविषयीच्या दीपक कुमार प्रकरणात महत्त्वाचा आदेश दिला. ५ हेक्टरांहून लहान पट्ट्यांसही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरली. लहान लहान पट्टे मिळून होणारा परिणाम मोठा असतो, हे त्यामागील तत्त्व होय. केरळ राज्याने तर २००१ सालीच नदीकाठांच्या संरक्षणासाठी व वाळू उपशाच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा केला होता.

१५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार प्रत्येक जिल्ह्याचा खनिज सर्वेक्षण अहवाल तयार करावयाचा असतो. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या अभिप्रायासाठी ठेवला जातो. हे २१ दिवस गावाने वाया घालवू नयेत.

केंद्र शासनाच्या वाळू-खडी उत्खननविषयक मार्गदर्शक तत्त्वांत खोलीची मर्यादा ३ मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जी आधी लागेल ती, अशी आहे. पुलाच्या वरच्या अंगास किमान २५० मीटर व खालच्या अंगास किमान ५०० मीटर अंतर सोडावयाचे असते. पूल लांब असल्यास हे अंतर वाढते. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची शिफारस आवश्यक आहे. विनापरवाना उत्खनन झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो व वाहने आणि यंत्रे जप्त करता येतात.

गावाने आधी करावयाची कामे

नुसत्या आरडाओरड्याने अर्ज टिकत नाही. मापाने मात्र टिकतो. म्हणून पुढील कामे खड्डा सुरू होण्यापूर्वीच करावीत.

१. प्रस्तावित जागेच्या दोन्ही अंगांच्या विहिरींचा गट क्रमांकासह नकाशा करावा. पूल, बंधारे, पाणीपुरवठ्याच्या विहिरी व झिरे त्यावर दाखवून खड्ड्यापासूनचे अंतर लिहावे.

२. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करावी. वजन बांधलेल्या फितीने त्या खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत तरी नोंद घ्यावी. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच महिन्यांत मोजणी करते, त्यामुळे दोन्ही नोंदी ताडून पाहता येतात. उपसा थांबवून पाणी स्थिर झाल्यावरच माप घ्यावे.

३. पुलाच्या कठड्यावर ठराविक अंतराने खुणा करून तेथून पात्राच्या तळापर्यंत दोरी सोडून माप घ्यावे. हे पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, पाणी कमी असताना करावे. तळ खचत असल्यास दोन वर्षांत ते कागदावर दिसते.

४. ग्रामसभेत हे कागद ठेवून ठराव करावा. ठरावात केवळ 'विरोध' असे न लिहिता खोली, अंतर, वाहनांचा रस्ता व उपशाचे प्रमाण यांविषयी नेमके मुद्दे घालावेत. ठरावाची प्रत तहसीलदार व जिल्हाधिकारी यांस द्यावी आणि पोच घ्यावी. वरच्या व खालच्या गावांसही त्यात सामील करून घ्यावे.

५. परवानगी मिळालीच, तर तिची प्रत मागून घ्यावी. जागेच्या चतुःसीमा, मंजूर ब्रास व मुदत ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी.

जमीनमालकाचा विचार

कधी खड्डा पात्रात नसून काठच्या खाजगी मळईत असतो. मालकास एकरकमी मोबदला मिळतो व तो स्वाभाविकपणे मोहात पडतो. अशा शेतकऱ्यास दोष न देता दोन गोष्टी समजावून सांगाव्यात. पहिली अशी की, मळईची वरची माती पुरांनी पिढ्यान्‌पिढ्या आणून घातलेली असते. ती गेली की ती जमीन पूर्वीचे पीक देत नाही. करार करावयाचाच झाला, तर वरची माती वेगळी रचून ठेवण्याची व काम संपल्यावर ती परत पसरण्याची अट लेखी घालावी. दुसरी अशी की, नदी व खड्डा यांमधील बांध अरुंद असला तर मोठ्या पुरात नदी तो फोडून खड्ड्यातच शिरते. मग एका गटाचे नुकसान शेजारच्या चार गटांत पसरते.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. खड्डा पडल्यानंतर विहीर आटल्याचे सिद्ध करणे कठीण असते. खड्ड्यापूर्वीची विहिरीची पातळी वहीत लिहिलेली असली, तर गावाचे म्हणणे ऐकावेच लागते. एक फीत, एक वही व वर्षातून चार सकाळी एवढाच याचा खर्च आहे. येत्या ऑक्टोबरची पहिली नोंद प्रत्येक नदीकाठच्या गावाने अवश्य घ्यावी.